पाटी साफ, एक सोडून

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. मी चिखल्याच्या मँगनीज खाणीत बत्तीघरात होतो. टोपीला लावायच्या बत्त्या चार्ज करायच्या आणि खिडकीतून वाटायच्या, हे माझं काम. शिफ्ट सुरू होताना खिडकीपुढे रांग, सुटताना पुन्हा रांग. रांगेतल्या माणसाला बसायला जागा नाही, बिडीला बंदी. मग तो करणार काय? बोलणार! रिटायर होईस्तोवर माझ्या कानात इतकं भरलं की बायको म्हणते, "तुमी जेवता कमी अन् सांगता जास्त."

त्यातले बरेच किस्से मिलिंदचे. मिलिंद म्हणजे आमच्या सुखदेवभाऊचा एकुलता एक पोरगा. सुखदेवभाऊ खाली ड्रिल मारायचे, अन् पोरगा फौजेत अफसर झाला. आमच्या कॉलनीतला पहिला! तो कारगिलच्या लढाईत मारला गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही ऐकताना त्याची वाट पाहत बसणार नाही. वाट पाहायचं काम दुसऱ्याचं होतं.

* * *

आधी बत्तीघराचा नियम समजून घ्या, नाहीतर मजा येणार नाही.

खाली जाणाऱ्या प्रत्येकाजवळ नंबरचा पितळी बिल्ला. बत्ती घेताना बिल्ला मला द्यायचा, मी तो पाटीवर त्याच्या हुकाला टांगायचा. माणूस वर आला की बत्ती परत, बिल्ला परत, रामराम, जय भीम, घरी. हुकावर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे. सगळे हुक मोकळे झाले की पटले फोरमन पाटीकडे बघून ओरडायचे, "पाटी साफ!" मग भोंगा वाजायचा अन् शिफ्ट सुटायची.

अन् एक गोष्ट. ज्याचा बिल्ला त्यानंच घ्यायचा. बाप असो, भाऊ असो, दुसऱ्याच्या हातात मी देत नसे. एकदा शेंडेनं आपल्या साळ्याला पाठवलं. "भाऊजी बस पकडाले पळाले, त्याईचा बिल्ला द्या."

मी म्हटलं, "त्यालेच पाठव."

"अहो, लग्नाले जाऊन राहिले ते!"

"कोनाच्या?"

"माह्याच!"

नाही दिला. शेंडे अर्ध्या रस्त्यातून परत आला, बस गेली, साळ्याच्या लग्नातली पंगत हुकली. नवरदेव मात्र दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसून वेळेत पोचला. शेंडे अजूनही माझ्या घरचं पाणी पीत नाही.

* * *

आमच्याकडे 'वर' हा सगळ्यात चांगला शब्द. 'वर आला' म्हणजे खुशाल आला. बायका नळावर एकमेकींना विचारतात, "तुमचे वर आले का वं?" 'वर आला' अन् 'वर आणला' यात मात्र फरक. आला म्हणजे आपल्या पायानं. आणला म्हणजे चौघांनी मिळून. माझ्या नोकरीत तसंही झालं. त्या दिवशी कोणी किस्से सांगत नाही.

तर टाइम ऑफिसात पुण्याकडचे देशपांडे नवीन बदलून आले. गरीब स्वभावाचा माणूस. एका दुपारी त्यांना शेंडेची सही पाहिजे होती. खाली खाणीत फोन लावून विचारलं, "शेंडे कुठे आहेत?"

"वर गेले जी."

देशपांडेंचा चेहराच उतरला. "अरेरे! केव्हा?"

"आत्ताच. दहाक मिनटं झाले."

"काय झालं होतं हो त्यांना?"

"काही नाही, भूक लागली म्हने."

देशपांडेंनी ऑफिसातल्या दोघांना सोबत घेतलं अन् मान खाली घालून शेंडेच्या क्वार्टरवर गेले. शेंडे दारात बसून भात अन् झिंग्याची भाजी खात होता. तिघांना असं उभं पाहून म्हणाला, "या ना साहेब. जेवता का?"

* * *

आता मिलिंद. तुमसरला कॉलेज केलं, एनसीसी केली. सुटीत आंबागडला, त्यांच्या गावी जाऊन रोज किल्ल्याच्या टेकडीवर धावत चढायचा. गुराखी म्हणायचे, "सुखदेवचा पोट्टा पागल झाला. बकरी नाही, ढोर नाही, कायले चढून राहिला?"

मग फौजेच्या अफसरकीची मुलाखत आली. समोर मोठमोठे साहेब. इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात? मिलिंद ताठ बसून म्हणाला, "सर, माय फादर इज अंडरग्राउंड."

साहेब लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकाला वाटलं बाप मेला, एकाला वाटलं बाप फरार आहे. शेवटी मधला साहेब हळूच म्हणाला, "सिन्स व्हेन, सन?"

"सिन्स बिफोर माय बर्थ, सर. बट ही कम्स अप एव्हरी इव्हनिंग!"

मिलिंद सांगायचा, काका, मी त्या एका वाक्यावर सिलेक्ट झालो, बाकी दौडधूप फुकट गेली.

* * *

सिलेक्शनची बातमी कॉलनीत आली तोही गोंधळच. शांतावयनी, म्हणजे मिलिंदची माय, नळावर सांगत सुटल्या, "माहा मिलिंद लेफ्ट होऊन राहिला!"

आता खाणीत 'लेफ्ट' म्हणजे नाव कटलं. न सांगता घरी बसला की साहेब लिहितो 'लेफ्ट', झाली छुट्टी नोकरीची. बायका हळहळल्या. एकीनं पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या वयनी. तुमच्या मालकाले सांगा, इथी खानीतच लावून देतील त्याले."

"अवं, तसा नाही! आधी सेकंड लेफ्ट होतो म्हने, मंग पुरा लेफ्ट!"

"बापा! दोनदा?"

संध्याकाळी सुखदेवभाऊ वर आले तेव्हा रांगेत तीन जणांनी त्यांचं सांत्वन केलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्यांचा तसा स्वभावच होता, दगडाशी बोलून बोलून माणसांशी कमी बोलायचे. मग खिडकीत बत्ती ठेवून मला एवढंच म्हणाले, "लेफ्टनंट. सांग गा लोकाईले. माह्या तोंडून बरोबर निघत नाही."

* * *

अफसर झाल्यावर मिलिंद सुटीवर आला. हिरवी वर्दी, चमकते बूट, कॉलनीची सगळी पोरं मागे. म्हणाला, "काका, मले बाची जागा पाहाची हाय."

साहेबांची परवानगी काढली. पाहुण्यांसाठी आमच्याकडे वेगळा बिल्ला असतो. त्यावर नंबर नाही, नुसता 'पा' कोरलेला. मी तो 'पा' हुकावर टांगला, मिलिंदला टोपी दिली, बत्ती दिली अन् बापलेक लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली गेले.

तासाभरानं वर आले. बाप जसा गेला तसा आला, रोजचं होतं त्याचं. अफसर पांढरा पडला होता! बत्ती परत दिली, टोपी काढायची विसरला.

मी म्हटलं, "काय लेफ्टनंट, भेव लागलं?"

"भेव नाही काका. पन छत किती खाली हाय हो! डोक्यावर एवढा डोंगर घेऊन मानूस काम कसा करते?" मग बापाकडे वळला. "बा, मले कोनत्याही पहाडावर पाठवा, मी राहीन. पन हे नाही."

सुखदेवभाऊ हसले. ते हसत नसत, म्हणून लक्षात राहिलं. "तू वरच राहा बापा. तू वर राहिला का मले काही चिंता नाही."

मी 'पा' काढून मिलिंदच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटसुलट पाहून परत दिला. "काका, याचा अर्थ पास का पाहुना?"

"परत आला तर पास," पटले मागून म्हणाले. लोक हसले.

* * *

मग तो उन्हाळा आला, जिल्हा फुटला तो. गोंदिया वेगळं झालं, आम्ही भंडाऱ्यातच राहिलो. पटलेंची सासरवाडी तिरोड्याकडे. सकाळी उठले तर सासरे परजिल्ह्यात! "आता जावयाले पासपोर्ट लागन का?" असं रोज कोणी ना कोणी विचारायचं अन् पटले रोज चिडायचे.

मिलिंद तेव्हा सुटीवर आला होता. कँटीनमध्ये भजी खात म्हणाला, "पटले काका, तुमी अर्धा जिल्हा देऊन टाकला अन् एकानंही गोटा उचलला नाही. आमी तिकडं एका टेकाडावरून भांडून राहिलो."

"टेकाडावर हाय काय पन?" पटलेंनी विचारलं.

"काही नाही. बर्फ अन् गोटे."

"मंग देऊन टाका ना!"

मिलिंद खूप हसला. म्हणाला, "तुमालेच पाठवतो बोलनी कराले."

सुटी अर्धीही झाली नव्हती अन् तार आली, ताबडतोब हजर व्हा. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन बत्तीघरापाशी आला. सुखदेवभाऊ खाली होते.

मी म्हटलं, "बा वर येईस्तोवर थांब ना."

"बस जाईन काका. गाडी चुकन मंग." थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तो 'पा' हाय ना? माह्या नावानं टांगून ठेवजा."

"खाली जाऊन राहिला का तू? तू तर पहाडावर चालला."

"टांगा तं सही. आलो का घेतो."

नियमात बसत नव्हतं. बत्ती नाही तर बिल्ला कशाचा? पण मी टांगला. पोराच्या डोळ्यात काही वेगळं नव्हतं, उगाच तसं सांगणार नाही. भजी पुडीत बांधून घेतली अन् बसमध्ये चढून गेला.

शिफ्ट सुटली. सुखदेवभाऊ वर आले. पाटीवर 'पा' पाहून थबकले. "कोन पाहुना राहिला खाली?"

मी सांगितलं. त्यांनी खिडकीतून हात घालून तो बिल्ला नुसता बोटानं हलवला.

पटले मागे उभे. "अन् मी पाटी साफ कसा म्हनू? एक टांगून हाय ना!"

"मंग म्हना, एक सोडून," सुखदेवभाऊ म्हणाले.

पटले नियमाचा माणूस, पण ओरडले: "पाटी साफ, एक सोडून!" भोंगा वाजला.

त्या दिवसापासून प्रत्येक शिफ्टला तेच. कॉलनीत ते एवढं पसरलं की कँटीनवाला सांगायचा, "भजे खतम, एक सोडून!" अन् शाळेतले गुरुजी निकाल सांगायचे, "सगळे पास, एक सोडून!" तो एक म्हणजे पटलेंचाच पोरगा होता, पण तो किस्सा वेगळा.

* * *

मिलिंदचा फोन एकदाच आला, टाइम ऑफिसात. सुखदेवभाऊ नेमके वर होते. लाइन खराब, खरखर खूप. फोन ठेवून खिडकीशी आले अन् सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "मिलिंद वर जाऊन राहिला! आजपासून वरच राहीन म्हने."

रांग गप्प झाली. सगळ्यांच्या घरी टीव्ही होता. वर काय चाललंय ते सगळे रोज पाहत होते. सुखदेवभाऊही पाहत होते. पण ज्या माणसाला जन्मभर वर म्हणजे उजेड, वर म्हणजे हवा, वर म्हणजे घर, त्याला एका उन्हाळ्यात उलटं कोण शिकवणार? 

पटले तेवढे म्हणाले, "चांगलं हाय सुखदेव. वरच बरं."

* * *

काही दिवसांनी दुसरा फोन आला. त्याच्या पलटणीतला सुभेदार, साताऱ्याकडचा, मराठी माणूस. घरी तार पोचलीच असेल असं धरून त्यानं आपल्या मनानं फोन केला होता. तार काही पोचली नव्हती. ती कुठे फिरत होती कोणास ठाऊक.

सुखदेवभाऊला खालून बोलावलं. मी अन् पटले ऑफिसात उभे होतो. आम्हाला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो जी, मीच बाप... वर हाय? बरं... बरं... खाली आनाले टाइम लागन? लागू द्या जी! काही घाई नाही... फायरिंग चालू हाय तं राहू द्या ना त्याले वरच... हो, धीर हाय. धीराचं काय त्यात? तुमीच जपा जी."

फोन ठेवला. आमच्याकडे वळून म्हणाले, "मिलिंद वर हाय. खुशाल दिसते. तो सुभेदार मात्र आजारी असन बिचारा. नाक वढून राहिला होता सारखा. थंडी लय हाय ना तिथी."

मग कँटीनमध्ये गेले अन् सगळ्या शिफ्टला चहा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा! लोक खुश. "का सुखदेवभाऊ, पोराचं लग्न जमलं का?" मी अन् पटले कप हातात घेऊन एकमेकांकडे पाहत होतो. मला त्या सुभेदाराचा राग आला, टेलिफोनचा राग आला, त्या चहाचाही राग आला. पण प्यालो. सगळा प्यालो.

शेवटी पटले उठले. सुखदेवभाऊशेजारी बसून म्हणाले, "सुखदेव, तो काय म्हनला? 'येतील' म्हनला का 'आनतो' म्हनला?"

"आनतो म्हनला."

"आपन कोनाले आनतो रे?"

सुखदेवभाऊनं चार वेळा आपल्या हातांनी लोक वर आणले होते. त्यांनी पटलेंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपातला चहा तसाच होता. मग एवढंच बोलले, "मंग मी चाय कायले पाजला?"

मी त्यांना घरी नेलं. शांतावयनींना मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, अन् आठवलं तरी सांगणार नाही. संध्याकाळी जीप आली, टोपी काढून खाणीचे साहेब उतरले. तोवर अख्खी कॉलनी दारात जमली होती. पण शिफ्ट सुटली तेव्हा पटलेंनी नेहमीसारखंच म्हटलं: "पाटी साफ, एक सोडून."

* * *

आणखी एक सांगतो अन् उठतो.

मिलिंदला नागपूरहून फौजेच्या ट्रकमधून आणलं. आधी कॉलनीत, मग आंबागडला न्यायचं, तिथेच अंत्यविधी. भंतेजी तिकडे थांबलेले, पुढारी थांबलेले, शाळेची पोरं रस्त्यावर झेंडे घेऊन उभी. रस्ता खाणीच्या गेटवरून जातो. ट्रकमध्ये तिरंग्यातली पेटी, चार जवान, अन् बाजूला सुखदेवभाऊ. पुढच्या जीपमध्ये कर्नलसाहेब, घड्याळाकडे पाहत.

दुपारची वेळ, शिफ्ट सुटायची. रांग लागली होती, पण रांगेत आवाज नाही. ट्रक गेटसमोर आला अन् सुखदेवभाऊनं केबिनवर थाप मारली. ट्रक थांबला. मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या. सुखदेवभाऊ उतरले, सरळ खिडकीशी आले. रांग बाजूला झाली.

"मिलिंद आला," ते म्हणाले. "बिल्ला दे गा."

आला म्हणाले. मी नीट ऐकलं.

हुकावरचा 'पा' काढला. हात पुढे केला. सुखदेवभाऊनं पण हात पुढे केला, अन् मागे घेतला.

"मले नको. ज्याचा त्याले."

शिफ्टमध्ये मी खिडकी सोडून कधी बाहेर आलो नव्हतो. त्या दिवशी आलो. जवानांनी हात देऊन ट्रकवर घेतलं. तिरंग्याची घडी न मोडता, डोक्याच्या बाजूला बिल्ला ठेवला. एक जवान काही म्हणायला लागला, दुसऱ्यानं त्याचा दंड धरला.

खाली सुखदेवभाऊ पटलेंसमोर उभे होते. "पाहा साहेब पाटी."

पटलेंनी पाहिली. वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत, रोज पाहायचे तशी. छाती भरून घेतली अन् असे ओरडले की गेटवरचे लोक दचकले.

"पाटी साफ!"

भोंगा वाजला. नेहमीचाच, पण त्या दिवशी कोणी घरी जायला निघालं नाही. सुखदेवभाऊ पुन्हा ट्रकवर चढले. ट्रक हलला.

कर्नलसाहेब जीपमधून उतरून माझ्याजवळ आले होते. हळू आवाजात हिंदीत म्हणाले, "ये क्या था?"

मी म्हटलं, "शिफ्ट छूटी, साब."